निकालावर पैसे : वंचित वस्तीतल्या खेळासाठी असा करार करावा का?

शिट्टी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज धागा काढतेय, कारण पुढच्या आठवड्यात एका कागदावर सही करायची की नाही हे ठरवायचं आहे आणि माझं एकटीचं डोकं चालेनासं झालंय.

आम्ही चौघं मिळून एका वंचित वस्तीत मुलामुलींसाठी संध्याकाळचा फुटबॉल चालवतो. नऊ वर्षं झाली. पैसे आजवर अनुदानातून आणि देणग्यांतून आले. या पैशांची तऱ्हा ठरलेली आहे : एका वर्षापुरते येतात, उशिरा येतात आणि वस्तूंसाठी येतात. बॉल मिळतात, जर्सी मिळतात, देणगीदाराच्या नावाचा फलक मिळतो. कोचचा पगार मात्र कुणालाच द्यायचा नसतो. आज आमच्याकडे जाळीच्या पिशव्या भरून चांगले बॉल आहेत आणि गेल्या तीन वर्षांत तीन कोच बदललेत. नवा माणूस आला की मोठी मुलं पहिला महिना त्याच्याशी धड बोलतही नाहीत. हा किती दिवस टिकतोय ते बघत असतात.

एक मुलगा होता. मैदानाच्या कडेला सिमेंटचा एक जुना पाइप पडलाय, त्यावर रोज येऊन बसायचा. खेळायला बोलावलं की उठून जायचा. आमच्या तेव्हाच्या कोचने त्याला बोलावणंच सोडून दिलं. त्याऐवजी सराव सुरू व्हायच्या आधी हवेचा पंप आणि सुई त्या पाइपवर ठेवायला लागला. तीन आठवडे काहीच नाही. मग एके दिवशी कोच पोचला तर सगळे बॉल हवा भरून ओळीने ठेवलेले. पुढच्या सोमवारी पोरगं मैदानात उतरलं. ते तीन आठवडे अहवालाच्या कोणत्या रकान्यात लिहायचे, हे मला आजही कळलेलं नाही.

आता प्रस्ताव आलाय तो 'सामाजिक परिणाम करारा'चा, इंग्रजीत ज्याला 'सोशल इम्पॅक्ट बाँड' म्हणतात त्याचा. मला समजलंय ते असं : एक गुंतवणूकदार आम्हाला चार वर्षांचा खर्च आगाऊ देणार. मुलांच्या आयुष्यात ठरलेले बदल झाले, म्हणजे शाळेतली हजेरी वाढली, पोलिसांशी संबंध येणं कमी झालं, मोठ्यांना काम किंवा प्रशिक्षण मिळालं, तर सरकारी यंत्रणा किंवा एखादी मोठी संस्था त्या बदलांचे पैसे गुंतवणूकदाराला परत करणार, वर थोडा नफाही. बदल झाले नाहीत तर पैसे बुडणार ते गुंतवणूकदाराचे. झाले की नाहीत हे तिसराच कुणी तपासणार.

याची सुरुवात २०१० मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगापासून झाली म्हणतात. सतरा गुंतवणूकदारांनी ५० लाख पौंड घातले आणि छोट्या शिक्षा भोगून सुटलेल्या पुरुषांनी पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये म्हणून काम झालं. २०१७ मध्ये निकाल लागला : पुन्हा गुन्हा घडण्याचं प्रमाण तुलना गटापेक्षा ९ टक्क्यांनी कमी. उद्दिष्ट साडेसात टक्क्यांचं होतं, त्यामुळे गुंतवणूकदारांना पैसे परत मिळाले.

चार वर्षांचा पैसा म्हणजे चार वर्षं एकच कोच. त्या एका गोष्टीसाठी मी डोळे मिटून सही करीन असं वाटतं. पण 'निकाल' हा शब्द वाचला की पाइपवरचा तो मुलगा आठवतो. तुमच्यापैकी कुणी यातलं जवळून पाहिलंय का?

रेघोटी

धागा वाचतेय. एक बाळबोध प्रश्न : यात 'बाँड' कुठे आला? विकता येतो का तो?

हिशेबनीस

रेघोटी, प्रश्न बाळबोध नाही. नावाने बऱ्याच जणांची फसगत झालीय. हा बाजारात विकायचा रोखा नव्हेच, हा करार आहे. ब्रिटनमध्ये आधी सोशल इम्पॅक्ट बाँड म्हणत, अमेरिकेत 'पे फॉर सक्सेस' म्हणतात, ऑस्ट्रेलियात 'सोशल बेनिफिट बाँड'. हल्ली 'परिणाम करार' हे नाव जास्त चालतं आणि तेच बरोबर आहे. जगभरात असे दोनशेहून जास्त करार झालेत.

शिट्टी, मी अशा करारांच्या तपासणीच्या बाजूला काही वर्षं काम केलंय. तुम्ही पीटरबरो बरोबर सांगितलंत, पण त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे, तिथे पहिल्या हजार माणसांच्या तुकडीसाठी १० टक्के घट हे वेगळं उद्दिष्ट होतं. घट ८.४ टक्के झाली, म्हणून त्या टप्प्यावर कुणाला काहीच मिळालं नाही. काम चांगलं चाललेलं होतं, तरीही. पैसे मिळाले ते सगळ्या तुकड्या एकत्र मोजल्यावर. दुसरी म्हणजे, तिसरी तुकडी झालीच नाही, कारण सरकारने मधेच देशभरची व्यवस्था बदलली. चार वर्षांचा करार करताना धोरण तेवढी वर्षं जागेवर राहील हे कुणीही गृहीत धरू नये.

न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगातला २०१२ चा करार उलट बाजूने बोलका आहे. किशोरवयीन कैद्यांसाठीचा कार्यक्रम होता, गोल्डमन सॅक्स या बँकेने ९६ लाख डॉलरचं कर्ज द्यायचं कबूल केलेलं आणि त्यातल्या ७२ लाखांना शहराचे तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या धर्मादाय संस्थेची हमी. २०१५ मध्ये तपासणी झाली, मुलं पुन्हा तुरुंगात येण्यात काहीच फरक दिसला नाही, आणि कार्यक्रम बंद झाला. शहराला त्या निकालाचे पैसे द्यावे लागले नाहीत. करारात लिहिलं होतं तसंच सगळं घडलं. फक्त तिथल्या मुलांचा कार्यक्रम गेला.

म्हणून जोखीम गुंतवणूकदाराची, हे वाक्य अर्धंच खरं आहे. पैशांची जोखीम त्याची. तुमची जोखीम वेगळी : करार थांबला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर उभं राहून मुलांना सांगायचं कुणी? ते तुम्हालाच सांगावं लागेल. कराराचा मसुदा हातात असेल तर बंद करण्याचं कलम आधी वाचा. बाकी सगळं नंतर.

पाटीपेन्सिल

मी शाळेत शिकवते. खेळाचा निकाल म्हणून हजेरी मोजायची म्हटली की मला धडकी भरते. हजेरी वाढवायचे वाईट मार्ग मला पाठ आहेत.

पण चांगल्या रचनेचं एक उदाहरण आहे, खेळातलं नसलं तरी. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ असा करार झाला होता. काम 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेचं, आगाऊ पैसे यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनचे, निकालाचे पैसे चिल्ड्रेन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनचे आणि तपासणी आयडीइनसाइटची. शाळेबाहेरच्या मुलींची नावं आधी घरोघर जाऊन लिहिली. ती यादीच मोजायची. यादीतल्या सोप्या मुली उचलायच्या आणि अवघड सोडून द्यायच्या, अशी सोयच नव्हती. ९२ टक्के मुली शाळेत आल्या. शिकण्याची मोजणी तुलनेच्या शाळांशी झाली आणि मोबदल्याचा मोठा हिस्सा, ८० टक्के, नोंदणीवर नाही तर शिकण्यावर ठेवला होता.

मला त्यातली तिसऱ्या वर्षाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस शिकण्याचं उद्दिष्ट जेमतेम अर्ध्यावर आलेलं होतं. नेहमीचं अनुदान असतं तर ठरलेला आराखडा तसाच रेटला असता, कारण कागदावर मंजूर झालेलं तेच असतं. इथे त्यांना मधेच पद्धत बदलता आली. मुलांची पातळी बघून गट केले, शाळेत न येणाऱ्यांपर्यंत घरी पोचले. शेवटी उद्दिष्टाच्या १६० टक्के. मोजमापामुळे लवकर कळलं आणि करारामुळे बदलता आलं. शिट्टी, तुम्ही म्हणता तो वेळ आणि ही मोकळीक मिळत असेल, तर मी विचार करीन. मोकळीक नसेल तर हे अनुदानच आहे, फक्त धाक वाढलेला.

गोलपोस्टमागे

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, याच धाग्यासाठी.

मी सहा वर्षं कोच होतो. आमच्याकडे असाच, पण साधा करार होता : दर तिमाहीला ठरावीक टक्के मुलांची हजेरी ठरलेल्या पातळीच्या वर गेली की पुढचा हप्ता. संस्थेचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नव्हती, अडकलेली होती.

आम्ही प्रत्येक मुलासाठी एक कार्ड ठेवायचो. पुठ्ठ्याचं, वर नाव, खाली तारखांच्या चौकटी. तिमाही संपायच्या पंधरा दिवस आधी समन्वयक बाई आल्या आणि टेबलावर कार्डांच्या दोन गड्ड्या केल्या. एक जाडी, एक पातळ. पातळ गड्डीतली मुलं 'यापुढे नोंदवू नका, येऊ देत हवं तर' असं ठरलं. त्या गड्डीत एका मुलीचं कार्ड होतं. आई आजारी, दोन लहान भावंडं हिच्यावर, आठवड्यातून एकदाच यायची. पण ज्या दिवशी यायची त्या दिवशी शेवटचा बॉल पिशवीत जाईपर्यंत घरी जायची नाही. कुणी तिला काही बोललं नाही. फक्त स्पर्धेच्या दिवशी जर्सी वाटल्या त्या जाड्या गड्डीप्रमाणे. ती रांगेत उभी होती. तिच्यापाशी पोचलो तेव्हा माझ्या हातातल्या जर्सी संपल्या होत्या. संपणारच होत्या, मोजूनच आणल्या होत्या.

ती परत आली नाही. त्या तिमाहीचा हप्ता मात्र मिळाला.

मी वर्षभरात सोडलं. शिट्टीताई, करार करा की नका करू, मला सांगता येणार नाही. पण कार्डांच्या गड्ड्या कुणाला करता येणार नाहीत, एवढं कागदावर आधी लिहून घ्या.

रेघोटी

हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत, बरं केलंत.

हिशेबनीस

गोलपोस्टमागे, तुम्ही सांगितलंत त्याला आमच्याकडे 'साय काढणं' म्हणतात. वरची साय काढून घ्यायची, खालचं तसंच ठेवायचं. निकालावर पैसे देणाऱ्या जवळजवळ प्रत्येक योजनेला हा धोका असतो. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना हेच मांडलं होतं : ज्या आकड्यावर नियंत्रण ठेवायला जाल, तो आकडा भरवसा ठेवण्याजोगा राहत नाही.

तुमच्या करारात मला तीन चुका दिसतात. मुलं कोणती हे संस्थेनेच ठरवलं आणि मधेच बदललं. पैसे पातळी ओलांडण्यावर होते. आणि हप्ता तिमाहीला होता, म्हणजे प्रत्येक घाईचा क्षण पैशांशी बांधलेला.

यातली दुसरी सगळ्यात आधी सुधारावी. आठवड्यातून एकही दिवस शाळेत न जाणारं मूल दोन दिवस जायला लागलं तर तो मोठा प्रवास आहे. पातळी चार दिवसांची ठेवली तर त्या मुलाची किंमत शून्य होते, आणि आधीच चार दिवस जाणाऱ्याचे फुकट पैसे मिळतात. पैसे अंतरावर हवेत. जिथून निघाला तिथून किती पुढे आला, त्यावर. चांगल्या करारांत त्यासाठी पायऱ्यांचं दरपत्रक असतं : नियमित येऊ लागणं ही एक पायरी, शाळेतलं वागणं-हजेरी सुधारणं पुढची, शिक्षण किंवा कामात टिकणं त्यापुढची. आणि अवघड परिस्थितीतल्या मुलासाठी दर जास्त.

पहिल्या चुकीवर उपाय पाटीपेन्सिल यांनी सांगितलाच : यादी बंद हवी. कुणी गळालं तरी ते यादीत मोजलं जाईल. यादीत नाव कुणी घालायचं हेही महत्त्वाचं. शाळा, समाजसेवक, बालन्याय यंत्रणा यांनी पाठवलेली मुलं त्यात असावीत.

खेळापुरतं बोलायचं तर ब्रिटनमध्ये २०२० च्या सुमारास 'चान्सेस' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. खेळ आणि व्यायामाच्या आधारे मुलांसोबत काम करणाऱ्या स्थानिक संस्था एकाच परिणाम कराराखाली आल्या. मध्यस्थ म्हणून 'सबस्टन्स' ही संस्था, गुंतवणूक बिग इश्यू इन्व्हेस्टची आणि निकालाचे पैसे स्थानिक प्रशासनं व सरकारच्या लाइफ चान्सेस फंडातून. हा ८ कोटी पौंडांचा फंड २०१६ मध्ये अशाच करारांसाठी जाहीर झाला होता. एकट्या छोट्या क्लबला वकील, हिशेब, नोंदींची प्रणाली हे काहीच परवडत नाही. अनेक क्लब एका छत्राखाली आले की तो बोजा वाटला जातो. शिट्टी, तुम्हाला आलेला प्रस्ताव एकट्यासाठी आहे की अशा गटासाठी? एकट्यासाठी असेल तर माझं मत नाही असं आहे.

मोकळंमैदान

सगळ्यांनी तळमळीने लिहिलंय, म्हणून मीही मनातलं लिहितो. माझा या सगळ्याला विरोध आहे आणि तो तपशिलाचा नाही.

खेळणं हा मुलाचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम हेच सांगतं. सुखवस्तू भागातलं मूल पोहायला जातं तेव्हा त्यामुळे गुन्हे किती कमी झाले हे कुणी विचारत नाही. त्याला पोहायला आवडतं, एवढं पुरतं. गरीब वस्तीतल्या मुलाला मात्र बॉलला पाय लावण्याआधी सिद्ध करावं लागतं की तो उद्या चोरी करणार नाही. करारातला 'निकाल' लिहिताना आपण त्या मुलाला आधी संभाव्य गुन्हेगार म्हणून लिहितो. त्याला ते कळतं. मुलांना सगळं कळतं.

अमेरिकेत १९८६ मध्ये मेरिलँडमधल्या ग्लेनआर्डन इथे रात्रीचं बास्केटबॉल सुरू झालं. पुढे १९९४ च्या गुन्हेविषयक विधेयकाच्या वेळी त्याच रात्रीच्या बास्केटबॉलवर उधळपट्टी म्हणून टीकेची झोड उठली. खेळाला गुन्हे रोखण्याचं हत्यार म्हणून विकलं की पुढचा प्रश्न 'रोखले का' हाच येतो, आणि उत्तर पटलं नाही की हत्यार फेकून देतात. हक्क असा फेकता येत नाही.

पाटीपेन्सिल

मोकळंमैदान, तत्त्व म्हणून शंभर टक्के मान्य. पण माझ्या वर्गातली मुलगी आज बारा वर्षांची आहे. हक्काचा पैसा येईपर्यंत ती वीस वर्षांची होईल.

मोकळंमैदान

हे उत्तर माझ्याकडे नाही, खरंच नाही. पण मग एवढं तरी करा : मैदान सगळ्यांसाठी उघडं ठेवा आणि कराराच्या यादीत कोण आहे हे मुलांना कळू देऊ नका. वेगळी जर्सी नको, वेगळं कार्ड नको, वेगळी वेळही नको.

शिट्टी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण गोलपोस्टमागे यांचा प्रतिसाद वाचून आमचं स्वतःचं रजिस्टर काढून बसले होते. आमच्याकडे गड्ड्या नाहीत. पण शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली काही नावं आहेत, 'अनियमित' अशा शीर्षकाखाली. अक्षर माझंच आहे.

हिशेबनीस, प्रस्ताव गटासाठी आहे, आम्ही सहा क्लब आहोत. मध्यस्थ संस्था नोंदींची प्रणाली देणार आहे.

मोकळंमैदान, तुमचं म्हणणं मला लागलं. पण एक गोष्ट सांगते. नैरोबीच्या मथारे झोपडपट्टीत १९८७ पासून मथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन फुटबॉल लीग चालवते. तिथे संघाने वस्तीची साफसफाई केली की लीगच्या तक्त्यात गुण मिळतात. बदल मोजला जातो, पण तो मुलांच्या खेळाचाच भाग आहे, मुलं स्वतः करतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. मोजणं म्हणजे दर वेळी अपमानच असतो असं नाही. कोण मोजतंय आणि कशासाठी, यावर ते आहे.

हिशेबनीस

मथारेचं उदाहरण फार चांगलं आहे. आणखी एक लक्षात ठेवा, मोजायचं कधी. शिकागोत 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम आहे. मुलांचे गट, स्वतःचा राग ओळखून थांबायला शिकवणं, आणि सुरुवातीच्या अभ्यासात शाळेनंतर कुस्ती, तिरंदाजी, हँडबॉलसारखे खेळही होते. शिकागो विद्यापीठाच्या क्राइम लॅबने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं निवडून तुलना केली. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला तो फरक टिकला नाही, पण शाळा वेळेत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण नंतर वाढलेलं दिसलं.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा, की एकच आकडा एकाच तारखेला मोजणारा करार अशा कामाला एक तर फार मोठं ठरवील किंवा शून्य. दोन-तीन वेगळे बदल, वेगवेगळ्या वेळी मोजलेले हवेत. आणि औषध थांबवल्यावर आजार परत आला तर दोष औषधाचा नसतो. चार वर्षांनंतर काय, हे आताच विचारा.

गोलपोस्टमागे

मला एकच विचारायचंय. कोचचा पगार निकालावर आहे की महिन्यावर?

शिट्टी

मसुद्यात 'प्रोत्साहनपर भत्ता' असा शब्द आहे. पगाराचा तिसरा हिस्सा निकालाशी जोडलेला.

गोलपोस्टमागे

तिथेच गड्ड्या सुरू होतात. बाईंनी गड्ड्या केल्या तेव्हा मी गप्प का बसलो? त्या हप्त्यात माझं घरभाडं होतं.

हिशेबनीस

सहमत. जोखीम घेण्यासाठीच गुंतवणूकदाराला नफा मिळतो. तीच जोखीम खाली कोचच्या पगारात ढकलली तर त्याला नफा कशाचा द्यायचा? हे वाक्य बैठकीत जसंच्या तसं बोला, त्यांच्याकडे याला उत्तर नसतं.

शिट्टी

बैठक आज झाली. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

सहाही क्लब आधी तासभर एकत्र बसलो आणि एकच कागद घेऊन आत गेलो. यादी बंद, गळालेलं मूलही मोजायचं, यादी मुलांसमोर येणार नाही : हे त्यांनी लगेच मान्य केलं. पायऱ्यांच्या दरपत्रकावर ओढाताण झाली, पण 'नियमित येऊ लागणं' ही पहिली पायरी मिळाली. आणि त्याच्या अलीकडे मी अजून एक मागितली, 'मुलाशी ओळख होणं', आठ आठवड्यांपर्यंतची. मूल मैदानात उतरलं नाही तरी कोचचा तो वेळ कामच धरायचा. मूल्यमापक म्हणाले, हे तपासायचं कसं? मी त्यांना पाइप आणि पंपाची गोष्ट सांगितली. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. ती पायरी मोबदल्यात नाही, पण आगाऊ खर्चात धरली गेली.

मधेच करार थांबला तर सहा महिन्यांचा खर्च राखीव ठेवायचा, यावर त्यांचं उत्तर यायचंय. ते आल्याशिवाय सही नाही, असं सहाही जणांनी सांगितलंय.

प्रोत्साहन भत्ता मात्र गेला. नवं कलम असं आहे : 'प्रशिक्षकाचे संपूर्ण वेतन निकालाची पर्वा न करता दरमहा दिले जाईल.'

गोलपोस्टमागे

तारीख लिहून घ्या. 'दरमहा' म्हणजे महिन्याच्या शेवटापर्यंत लांबवतात.

शिट्टी

घेते. पाच तारीख टाकतो.